माझा आवाज अकोल्यात झाडू विकतो

माणसाचं पाकीट जातं, छत्री जाते, लग्नाच्या मांडवातून नवी चप्पल जाते. माझा आवाज गेला. घसा बसला असं मी म्हणत नाही. घसा जागच्या जागी ठणठणीत होता आणि आवाज मात्र मला न विचारता परतवाड्यात वांगी विकत होता. हे सगळं सुरू झालं तेव्हा मी कॉलनीचं भलं करायला निघालो होतो, एवढं आधीच नमूद करून ठेवतो. पुढे कोणी विचारत नाही.

मी शेषराव तायडे. अमरावतीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून गल्लीतलं कुत्रंसुद्धा मला कंट्रोलर म्हणूनच ओळखतं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा म्हटलं, की भाजीत मीठ कमी पडलं तरी तोंडून तेच निघतं. मग बायको, आमची भावना, 'गाडी सुटली' म्हणते आणि मीठ देत नाही. मी निवृत्त झालो आणि स्टँडवर ध्वनिमुद्रित आवाजाच्या बाई आल्या. गोड बोलतात. 'दर्यापूर' असं काही म्हणतात, की दर्यापूरला जाऊन एखादा प्लॉटच घ्यावा. पण त्यांच्या आवाजावर कोणी पळत नाही. माझ्या आवाजावर माणसं पळायची! हातातला आलूबोंडा अर्धा टाकून, पोराला काखेत आणि सुनेला पुढे घालून पळायची. हे वैभव ज्यानं भोगलं त्याला पेन्शनमध्ये काय गोडी वाटणार?

तर आमच्या कॉलनीत नळाला दिवसाआड पाणी येतं. दिवसाआड म्हणजे कोणत्या वेळी, हे फक्त व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला माहीत. म्हणून कॉलनीच्या फाटकावर एक भोंगा बसवला आणि पाणी आल्याची सूचना देण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आठवडाभर मजेत गेला. मग एकदा मी अंघोळीत असताना पाणी आलं, आणि कॉलनीनं मला ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं गाडी चुकलेल्या प्रवाशांनीही कधी पाहिलं नव्हतं.

शेजारच्या अब्दुल गफ्फारभाईंची मुलगी गजाला. कंपनी बंगलोरची, पण पोरगी बसते आमच्या भिंतीपलीकडे, पायात स्लिपर घालून. ती म्हणाली, "काका, रोज कायले ओरडता? थोडासा आवाज द्या मले. कॉम्प्युटर ओरडीन तुमच्या बदली."

"आवाज देऊ म्हणजे?"

"काही बी बोला. जे मनातून येईन ते."

मनातून काय येणार? परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूर. विठोबाच्या नावासारखी गावं आली, फलाटासकट आली. मी डोळे मिटून बोलत होतो आणि गजाला फोन धरून बसली होती. चहा होईपर्यंत तिनं काहीतरी टकटक केलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नळाला पाणी आलेले आहे."

मी तोंड मिटून बसलो होतो. खरंच सांगतो, मी हात लावून पाहिलं, ओठ मिटलेलेच होते. आणि आतून स्वयंपाकघरातून भावना ओरडली, "ऐकलं ना! बहिरी नाई झाली मी अजून!"

अंगावर सरसरून काटा आला. मी जन्मात 'नळाला' हा शब्द माइकवर म्हटलेला नव्हता. त्या यंत्रानं तो माझ्यासारखा म्हटला होता. 'ळ'वर मी जसा किंचित रेंगाळतो तसा रेंगाळून. माझ्या गळ्यात काय काय आहे हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळलं होतं. मी गजालाला म्हटलं, "पुन्हा लाव." तिनं लावलं. "पुन्हा लाव." चहा गार झाला, तो मी तसाच प्यालो.

पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. यंत्र शिकलं होतं बसस्थानकावरचा आवाज. त्यामुळे ते काहीही बोललं तरी गाडी सुटायला आली आहे असंच वाटायचं. पहिल्याच सकाळी भोंग्यातून पाण्याची सूचना झाली आणि अर्धी कॉलनी हातात पिशव्या घेऊन फाटकाशी उभी! आमच्या शेजारचे वामनराव तर पायात एकच चप्पल घालून आले होते. फाटकाशी आल्यावर त्यांना आठवलं, की आपल्याला कुठेच जायचं नाही. त्यांचा राग अर्थातच माझ्यावर. कोर्टात बेलिफ म्हणून जन्म गेल्यामुळे त्यांना दुसऱ्यावर रागावण्याची सवय आहे.

हा प्रकार गफ्फारभाई गॅलरीतून पाहत होते. त्यांची साउंड सर्व्हिस आहे. भाजीवाल्यांच्या, कुल्फीवाल्यांच्या गाड्यांवरचे भोंगे त्यांचेच. ते तडक खाली आले.

"कंट्रोलर साब, या आवाजात पब्लिक पळवायची ताकत हाये. एका कांदेवाल्याले देऊ का? एक दिवस फक्त. पाहू तर खरं."

निवृत्त माणसाला कोणी ताकद आहे म्हटलं की तो काय म्हणणार? मी म्हटलं, द्या.

दुसऱ्या दिवशी राजापेठेकडून माझा आवाज आला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. लाल कांदा घेऊन आलेली गाडी आपल्या दारासमोर उभी आहे. गाडी थोड्याच वेळात सुटेल." सुटेल म्हटल्यावर कोण थांबतो? वऱ्हाडातली एक अख्खी पिढी या आवाजावर पळून पळून म्हातारी झालेली आहे. बायका भावही न विचारता पिशव्या भरून गेल्या. कांदेवाल्यानं मेहुण्याला दिला, मेहुण्यानं केळीवाल्याला दिला, फोनवरून फोनवर माझा आवाज असा पसरला की मला रस्त्यानं चालणं मुश्कील झालं. मी सायन्सकोर मैदानाजवळ उभा, आणि समोरून मीच येतो आहे, लसूण विकत!

गफ्फारभाईंच्या रिक्षात माइक धरून ओरडणारा इमरान नावाचा एक गडी होता. बाराही महिने गळ्याला मफलर. त्याचं काम माझ्या आवाजानं खाल्लं, हे कळल्यावर मी गफ्फारभाईंशी भांडायला गेलो. तर इमरान दुकानातच बसला होता, कानाला डबडी लावून. वेगवेगळे यंत्राचे आवाज ऐकायचे, कुठे गावाचं नाव चुकलं तर सांगायचं, हे त्याचं नवं काम. मला म्हणाला, "साब, आता घरी गेल्यावर बायकोसंगं बोलता येते. पहिले इशाऱ्यानं बोलत होतो. फक्त हा हात कुठं ठेवावं ते समजून नाई राहिलं." माइक धरण्याची सवय झालेला त्याचा उजवा हात हनुवटीपाशी तसाच वर आलेला होता. मी भांडण न करताच परत आलो. कोणाच्या बाजूनं भांडावं तेच ठरेना.

याच सुमारास भावनाची भाची पौर्णिमा मेळघाटातून घरी आली. चिखलदऱ्याच्या पलीकडे ती नर्स आहे. लसीकरणाला लोक येत नाहीत म्हणून रडत होती. गजालानं तिलाच फोनमध्ये कोरकू भाषेत बोलायला सांगितलं आणि पुन्हा काहीतरी टकटक केलं. आणि मग मी कोरकू बोललो. मी! मला कोरकूत 'पाणी'सुद्धा मागता येत नाही. मी बोललो आणि मलाच एक अक्षर समजलं नाही. पण आवाज माझा, जोर माझा, शेवटी श्वास सोडणं माझं. पौर्णिमानं तो डोंगरात लावला आणि फोन करून सांगितलं, "मामा, लोक धावत आले! इथं कोणी एस.टी. बी धड पाहिली नाई, तरी धावत आले!" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आनंद होता, भीती होती, दोन्ही होतं. माणूस आयुष्यभर एका फलाटावर उभा राहतो आणि त्याचा आवाज त्याला सोडून डोंगर चढून जातो, याला काय म्हणायचं?

मी अजून या विचारातच होतो, तेवढ्यात अकोल्याहून मोठ्या बहिणीचा फोन आला.

मनकर्णाताई अकोल्यात डाबकी रोडला दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मुलगा स्वप्निल पुण्याला. गुडघ्यांनी जिना सोडला आहे, डोळ्यांना समोरच्या घराचा रंग तेवढा दिसतो. कान मात्र असे, की खालच्या मजल्यावर कोणी भाजीला फोडणी दिली तर ती मोहरी मोजेल. तिनं फोनवर 'जय भीम'ही म्हटलं नाही.

"शेष्या, तू अकोल्यात येऊन राहिला अन् घरी येत नाई?"

"ताई, मी अमरावतीतच आहे."

"खोटं नको बोलू. रोज खालून जातं. झाडू इकून राहिला तू. झाडू, सुपडे, तगाऱ्या. पेन्शन बंद झाली का तुही?"

"अगं ताई, तो मी नाही, तो माझा—"

आणि तेवढ्यात फोनमधूनच लांबून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. झाडू, सुपडे आणि तगारी घेऊन निघालेली गाडी..."

"हे पाय! हे पाय!" ताई रडायलाच लागली. "फोनवर बी तूच अन् खाली बी तूच. बहिणीच्या दारावरून जाते, पाणी प्याले वर येत नाई. लाज वाटते का रे तुले? झाडू इकले त कोणतं पाप केलं? मी काय हाकलून देतो का तुले?"

मी पुष्कळ समजावलं. यंत्र सांगितलं, गजाला सांगितली, कॉम्प्युटर सांगितला. ती म्हणाली, "भावना कशी हाय? भांडण झालं का दोघाईचं?" आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत तेल्हाऱ्याच्या काकांचा, मूर्तिजापूरच्या व्याह्यांचा आणि पुण्याहून स्वप्निलचा फोन येऊन गेला. शेषराव घर सोडून अकोल्यात झाडू विकतो, ही बातमी वऱ्हाडात माझ्या आवाजापेक्षाही वेगानं पसरली होती. सगळ्यांचा सूर एकच होता, की झालं ते झालं, पण बहिणीच्या दारावरून न बोलता जायला नको होतं.

त्या क्षणी माझं ठरलं. डोंगरबिंगर सगळं ठीक आहे, पण मला माझा आवाज परत हवा होता. सगळाच्या सगळा. पुन्हा माझ्या एकट्याच्या गळ्यात.

वामनराव म्हणाले, "गुन्हा नोंदवा. ही चोरीच हाय." ते स्वतः सोबत आले, म्हणजे प्रकरण बिघडणार हे निश्चित झालं. ठाण्यात टेबलावर एक हवालदार होता.

"काय गेलं चोरीले?"

"आवाज."

"कोणाचा?"

"माझा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग आता तुमी कोणाचा वापरून राहिले?"

वामनरावांनी कायदा समजावण्याचा प्रयत्न केला. हवालदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मुद्देमाल सापडला त आणून ठेवू कुठं? अन् तुमी ओळख कशी पटवसान?" मी चिडलो. उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "कृपया लक्ष द्यावे!" बस्स. आतून दोन शिपाई टोप्या घालत धावत बाहेर आले. एकानं तर पाण्याची बाटलीही घेतली होती. हवालदार माझ्याकडे पाहतच राहिला.

"कांदेवाले तुमीच का हो? बापा! एक काम करा, माह्या फोनमंदी बोलून द्या. 'हवालदार साहेब कामात आहेत.' रिंगटोन ठेवतो."

मी बोलून दिलं. नाही म्हणवेना. स्वभाव आड येतो.

शेवटी मी गफ्फारभाईंच्या दुकानात जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. ताईचं रडणंही सांगितलं. गफ्फारभाई कायद्याचा माणूस नाही, शब्दाचा आहे. त्यांनी हात जोडले. "साब, चुकी माही. एक दिवस म्हटलं अन् दुनियाभर गेला." गजालानं तिच्याकडचा आवाज माझ्यासमोर पुसला. मग गफ्फारभाईंनी एकेकाला फोन लावला. कांदेवाला, केळीवाला, परतवाड्याचा वांगीवाला. सगळ्यांनी माझी माफी मागितली आणि आवाज काढून टाकला. मेळघाटातला मी राहू दिला. तो मला तसाही कळत नव्हता.

एकच राहिला. अकोल्याचा झाडूवाला मुजम्मिल, गफ्फारभाईंचा साडू. तो म्हणाला, "फोनवर नाई सांगत. साहेबाले एक बार इकडं घेऊन या. ते म्हणतीन तर उभ्या जागी बंद करतो."

गेलो. गफ्फारभाईंना सोबत घेऊन बसनं गेलो. ताईला प्रत्यक्ष दिसल्याशिवाय तिचा विश्वास बसणार नव्हता आणि मलाही तो भोंगा तिच्यासमोरच बंद करायचा होता.

ताईनं दार उघडलं, माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "वाळला," म्हणाली. मी वाळलेलो नाही, पण त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. तिनं पातोडीचा रस्सा केला होता. गफ्फारभाईंनी दोनदा मागून घेतला. मी पुन्हा सगळं नीट समजावलं, यंत्र, आवाज, मुजम्मिल. या वेळी ती शांतपणे ऐकत होती.

"मंग तो तू नोयतं?"

"नाही ताई. आणि आजपासून तो आवाजही बंद. सांगायलाच आलो आहे."

ताई पदरानं ताट पुसत राहिली. ताट कोरडंच होतं.

"मले वाटे, रागात असंन," ती म्हणाली. "पण रोज येते त खरं."

मी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मी आलो. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. झाडू, सुपडे आणि तगारी घेऊन निघालेली गाडी आपल्या गल्लीत येत आहे." ताई गुडघ्यांवर हात ठेवून उठली, गॅसवरचा चहा एका जुन्या बाटलीत ओतून भिंतीला धरत गॅलरीत गेली. तिथे कठड्याला दोरी बांधलेली होती आणि दोरीला पिशवी. तिनं बाटली फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. रोजच्या सवयीनं, चाचपडत, पण एक थेंब न सांडता. मी पाहत होतो.

गाडी घराखाली आली, थांबली आणि ताईनं पिशवी खाली सोडली. आणि भोंग्यातून मी पुढे बोललो.

"मनकर्णाताईंनी कृपया लक्ष द्यावे. ताईंनी जिन्याने खाली उतरू नये. आपली गाडी घरासमोर थांबलेली आहे. चहा झाल्याशिवाय गाडी सुटणार नाही."

गफ्फारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हे मले बी ठाऊक नव्हतं, साब."

मी खाली धावलो. मुजम्मिल गाडीशी उभा होता, पिशवी सोडवून घेत होता. मला पाहून त्यानं सलाम केला. "साहेब, पहिल्या दिवशी तुमचा आवाज ऐकून ताई जिना उतराले लागल्या. अर्ध्यात बसल्या, उठता येईना. मी उचलून वर नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरल्या. मी म्हटलं, मी तो नाई, पण ऐकलं तर ना! मंग ताई कोण हे न सांगता गजाला बेटीकडून एवढी लाइन बनवून घेतली. तवापासून नाई उतरत." त्यानं फोन पुढे केला. "बंद करू का? तुमचा आवाज हाये, तुमी म्हणसान तसं."

इतकी वर्षं मी गाड्या सोडल्या. म्हातारी माणसं धापा टाकत यायची आणि मी घड्याळाकडे बघून गाडी सोडून द्यायचो. कामच ते होतं. एखाद्या बाईच्या चहासाठी गाडी थांबवलेली मला आठवत नाही. आणि माझ्या आवाजानं ते इथे रोज, माझ्या माघारी, मला न विचारता केलं होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी त्या मळक्या भोंग्यासमोर एखाद्या मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसा उभा होतो.

"बंद नको," मी म्हणालो. "पण 'ताईंनी' कशाला? मी तिला अहो-जाहो करत नाही. माइक आहे का?"

मुजम्मिलनं गाडीवरचा माइक दिला. मी घसा साफ केला. कितीतरी दिवसांनी हातात माइक आला होता, आणि नेमका त्याच वेळी घसा भरून आला. कसाबसा बोललो, "ताई... खाली उतरू नको वं. मी आलो."

वर गॅलरीत ताई कठड्याला धरून, मान तिरकी करून ऐकत होती. मग तिनं आतल्या खोलीच्या दिशेनं हाक मारली.

"शेष्या, इकडं ये बरं. खाली कोणी तरी तुही नक्कल करून राहिला. जमून नाई राहिली त्याले."